जागेवर बोलायचं नसतं

बॅरिस्टरबाईंना कोर्टाच्या आवारात मागून 'तहकूबबाई' म्हणत. पुढून म्हणायची कुणाची टाप नव्हती. हे नाव पाडल्याचं श्रेय घेणारे बरेच होते, पण ते का पडलं याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. समोरचा वकील जय्यत तयारीनिशी यायचा, साक्षीदारांना कडक इस्त्रीत आणून बाकावर बसवायचा, आणि बाई उठून मान जराशी झुकवून एवढंच म्हणायच्या, "साहेब, नकाशाची जी प्रत आम्हाला मिळाली आहे, तिच्यात उत्तरेकडचा नाला दिसत नाही." झालं. नाला शोधायला वेळ हवा, प्रत नव्याने काढायला वेळ हवा. सुनावणी तहकूब. इस्त्रीतले साक्षीदार चहा पिऊन घरी.

वकिलीत बाई पडल्या तेव्हा नगररचना आणि पर्यावरण या कायद्याला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. हुशार पोरं खुनाच्या खटल्यांकडे जायची, हुशार आणि हिशेबी पोरं कंपन्यांच्या भांडणांकडे. बाई ज्या मोठ्या वकिलाच्या कार्यालयात उमेदवारी करत होत्या, तिथे पुरुषांना रस्त्याकडच्या खोल्या मिळाल्या आणि बाईंना मिळाली ती पूर्वीची जेवणाची खोली. खिडकी मागच्या गल्लीत उघडायची, भिंतीतून कधीकाळच्या फोडणीचा वास यायचा. पण त्या खोलीत एक लांबलचक टेबल होतं. नकाशा पूर्ण उलगडून पसरता येईल असं सगळ्या इमारतीत ते एकच टेबल. त्यामुळे नकाशाचं प्रकरण आलं की मोठे वकीलसाहेब म्हणायचे, "बाईंच्या टेबलावर टाका." अशी बाईंची विद्याशाखा ठरली. टेबलाने ठरवली. लोक पुढे त्यांच्या मुलाखतींत विचारायचे की निसर्गाची ओढ लहानपणापासून होती का, तेव्हा बाई गंभीर चेहरा करून 'हो' म्हणायच्या.

पण काम त्यांना आवडलं हे खरं. त्या बूट घालून नाल्यात उतरत, झाडांचे घेर मोजून घेत, खाणीच्या कडेला उभ्या राहून नाकातोंडात भुकटी घेत. आणि त्यांनी आपली म्हणून एक पद्धत बसवली. झाड एकदा पडलं की कुठल्याही न्यायाधीशाला ते उभं करता येत नाही. तेव्हा ते आज पडू द्यायचं नाही, या महिन्यात नाही, या वर्षात नाही. कंपनी कंटाळते, कर्ज महाग होतं, अधिकारी बदलतो, मंत्री घरी बसतो, आणि झाड आपलं उभं असतं. "आपण जिंकत नाही, आपण टिकतो," असं त्या हाताखालच्या वकिलांना सांगत. तारखा मागून मागून त्यांनी एक अख्खी टेकडी वाचवली होती. त्या टेकडीवर आता लोक सकाळी फिरायला जातात आणि बाईंचं नाव त्यातल्या एकालाही ठाऊक नाही.

तेही चाललं असतं. माणसांनी मात्र बाईंना पुरतं विटवलं. एका रहिवासी संस्थेने शेजारच्या उंच इमारतीविरुद्ध त्यांना उभं केलं होतं. आमचा सूर्यप्रकाश जातो, आमची मुलं पिवळी पडतील, म्हणून सभेत बायका रडल्या होत्या. बाईंनी जीव तोडून ती इमारत अडवली. पुढे त्याच संस्थेला स्वतःची जागा पाडून त्याहून उंच बांधायची संधी आली, आणि अध्यक्ष पेढ्यासारखा चेहरा करून बाईंकडे आले, "तुमचा तो जुना निकाल जरा बाजूला सारता येईल का?" बाईंनी त्यांना दार दाखवलं. ते दुसऱ्या वकिलाकडे गेले. इमारत झाली. मुलं पिवळी पडली नाहीत, उलट गलेलठ्ठ झाली.

अशा अनुभवांनी माणूस एक तर सोडून देतो, नाहीतर नियमाला कवटाळतो. बाईंनी नियमाला कवटाळलं. अशिलांवर विश्वास उरला नाही, वर्तमानपत्रांवर नव्हताच, न्यायाधीशांचं काही खरं नसतं. उरला तो रीतसरपणा. बाईंच्या कागदात खोट निघाली असं कुणी म्हणायचं नाही, एवढी एक गोष्ट त्यांनी धर्मासारखी पाळली.

आता ताईबद्दल सांगायला हवं. ताई म्हणजे बाईंची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले तेव्हा ताई इस्पितळाच्या टेलिफोनवर नोकरीला लागली आणि धाकटीला शिकवलं. दिवसभर लोकांचे फोन जोडून द्यायचे आणि स्वतः "कुणाशी बोलायचंय?" एवढंच विचारायचं, अशी ती नोकरी. त्याचा सगळा वचपा ती घरी काढायची. ताईला 'भाजी काय आणलीस' विचारलं तर भाजीवाल्याच्या सुनेच्या बाळंतपणापासून सुरुवात व्हायची. भाजी पुष्कळ उशिरा यायची. लग्न तिनं केलं नाही. का केलं नाही हे बाईंना ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्या तो विषय कधी काढत नसत. शहराच्या सखल भागात ताईनं एक बैठं घर घेतलं. मागच्या दारी उथळ तळं. पावसाळा भर घालायचा, पाणी ताईच्या मागच्या पायरीला टेकायचं, बदकं यायची. उन्हाळ्यात तळं आटून मैदान व्हायचं. ताई म्हणायची, "माझं घर अर्धं वर्ष सरोवराकाठी असतं आणि अर्धं वर्ष माळावर. भाडं एकच."

एका कंपनीला त्या तळ्यात भराव घालून गोदामं बांधायची होती. वस्तीच्या लोकांनी हरकत घेतली आणि प्रकरण नियोजन खात्याच्या चौकशी अधिकाऱ्यापुढे गेलं. वस्तीनं वकील कुणाला करायचं हा प्रश्नच नव्हता. 'ताईंची धाकटी आहे ना,' एवढ्यावर सभा संपली.

नात्यातल्या माणसाचं काम घेऊ नये, असा त्यांच्या धंद्यातला संकेत. बाईंनी कीस काढला. अशील ताई नव्हे, वस्तीची संस्था. ताई तिची एक सभासद. म्हणजे घ्यायला हरकत नाही. पण उद्या कुणी बोट ठेवायला नको म्हणून त्यांनी ताईला ऑफिसात बोलावून समोरच्या खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, "या कामापुरती तू माझी बहीण नाहीस. फोनवर विचारायचं नाही, घरी विषय काढायचा नाही. जे असेल ते अध्यक्षांमार्फत."

"बरं बाई," ताई म्हणाली. "मग आत्ता चहा तरी देणार की तोही अध्यक्षांमार्फत?"

बाई हसल्या नाहीत. चहा मात्र मागवला.

ताईकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं, आणि ते सांगायचा तिनं त्या दिवशीही प्रयत्न केला. पूर्वी एका कंत्राटदारानं तळ्याच्या कडेला घरं पाडल्याचा राडारोडा आणून ओतला होता. फार नाही, एक कोपरा भरला होता. त्या पावसात तळ्याला पसरायला जागा उरली नाही आणि पाणी ताईच्या घरात शिरलं. आतल्या खोलीत कपाटामागे भिंतीवर त्याची रेघ अजून होती. वस्तीनं आरडाओरड केली तेव्हा राडारोडा उचलला, आणि पाणी पुन्हा कधी आत आलं नाही. तळं भरलं तर काय होईल याचा याहून सरळ पुरावा नव्हता. पण ताईनं सुरुवात केली ती त्या कंत्राटदाराच्या मेव्हण्यापासून, जो इस्पितळात पाय मोडून पडला होता, आणि राडारोड्यापर्यंत पोचायच्या आतच बाईंनी हात वर केला.

"ताई, साक्षीदार म्हणून तू नको. बहिणीची साक्ष. समोरचा पहिला प्रश्न तोच विचारेल आणि सगळ्या कामावर पाणी पडेल. मी विद्यापीठातले पाण्याचे प्रोफेसर बघितलेत. त्यांचा अहवाल देऊ."

खरं होतं ते. पण त्याच्या खाली आणखी एक खरं होतं. ताई भरल्या कोर्टात मेव्हण्याची गोष्ट सांगतेय आणि सगळे वकील तोंडावर कागद धरून हसतायत, हे चित्र बाईंना सहन होण्यासारखं नव्हतं. जिच्या जिवावर आपण बोलायला शिकलो तिच्या बोलण्याची आपल्याला लाज वाटते, हे त्यांनी स्वतःला कधी नीट सांगितलं नाही.

सुनावणीची पहिली तारीख लागली ती ऐन पावसाळ्यात. तळं ताईच्या पायरीशी डुचमळत होतं. या प्रकरणांत सुनावणी झाली की अधिकारी दोन्ही बाजूंना घेऊन जागा बघायला जातो. वस्तीचा अध्यक्ष, जन्मभर बस चालवलेला साधा माणूस, बाईंना म्हणाला, "साहेबांना आत्ताच आणू या ना. नुसतं उभं करायचं पाण्यापुढे."

"प्रोफेसरांचा अहवाल पूर्ण नाही," बाई म्हणाल्या. "अर्धवट कागदावर मी जागा दाखवत नाही."

आणि त्यांनी सवयीप्रमाणे तारीख मागून घेतली. समोर कंपनीचा वकील होता, त्याला सगळे गोडबोल्या म्हणत. जिभेवर खडीसाखर ठेवून फिरणारा माणूस. त्याने नेहमीसारखी हरकतही घेतली नाही. बाईंना तेव्हा ते सभ्यपणाचं वाटलं. हाताखालच्या वकिलांनी बाईंचं अभिनंदन केलं.

अधिकाऱ्याकडे इतर कामांची रांग होती. नवी तारीख पडली ती रणरणत्या उन्हाळ्यात. तोवर प्रोफेसरांचा अहवाल आला होता, आलेखांनी आणि सरासऱ्यांनी सजलेला, आणि तळं आटून गेलं होतं. बाईंना चूक कळली तेव्हा त्यांनी पुन्हा तारीख मागितली. गोडबोल्या उठला आणि अगदी आदबीने म्हणाला, "साहेब, बाईंच्या तारखांवर तर आमचे केस पिकले. आणखी किती पिकवायचे?" सगळे हसले. अधिकारीही हसला. तारीख मिळाली नाही. नाव पाडणाऱ्यांना त्या दिवशी धन्य वाटलं असेल.

सुनावणी झाली आणि मंडळी जागेवर गेली.

जागेच्या पाहणीचा नियम बाईंना तोंडपाठ होता. त्यांनीच तो नव्या वकिलांना शिकवला होता. तिथे युक्तिवाद करायचा नाही. कागदावर जे आलेलं आहे तेवढ्याकडे बोट दाखवायचं. कागदावर नाही ते दाखवायचं नाही. जागेवर बोलायचं नसतं.

तळ्याच्या मधोमध एका मोटार शिकवणाऱ्या शाळेने लाल शंकू मांडले होते. एक घाबरलेली मुलगी शंकूंमधून गाडी मागे घेत होती आणि मास्तर ओरडत होता, "आरशात बघा, माझ्याकडे नको!" अधिकाऱ्याने क्षणभर थांबून ते कौतुकाने पाहिलं. गोडबोल्याने स्वतःच्या खिशातला रुमाल काढून त्याच्यापुढे धरला.

"बूट जपा साहेब. धूळ फार आहे इथे."

बाई जागच्या जागी पेटल्या. युक्तिवाद केला होता त्याने, भरदिवसा, त्यांच्या डोळ्यांदेखत. आणि हरकत कशाला घ्यायची? धुळीला? रुमालाला? प्रोफेसरांच्या अहवालातल्या पातळीच्या खुणेकडे त्यांनी बोट दाखवलं. कोरड्या मातीत रोवलेली एक काठी. अधिकाऱ्याने काठी पाहिली आणि मान डोलावली.

तेवढ्यात ताईच्या घराचं मागचं दार उघडलं. ताई पायरीवर आली. एरवी तोंडाचा पट्टा सोडणारी ताई त्या दिवशी फार थोडं बोलली.

"साहेब, जरा आत येता का? इथला कोपरा भरला होता तेव्हा पाणी कुठवर चढलं होतं, ते भिंतीवर आहे. दाखवते."

सगळे थबकले. मेव्हणा नाही, इस्पितळ नाही, जे सांगायचं तेच आणि तेवढंच. कितीतरी दिवस मनात घोळवून घोळवून ताईनं ते एवढंसं करून आणलं असेल, हे बाईंना पुढे उमगलं. त्या क्षणी त्यांना फक्त नियम मोडलेला दिसला.

अधिकारी भला माणूस होता. तो म्हणाला, "हे कागदावर नाही. पण दोन्ही बाजूंची हरकत नसेल तर बघायला माझी ना नाही."

"आमची काहीच हरकत नाही," गोडबोल्या म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. इतक्या सहज? म्हणजे याला ठाऊक आहे. एकदा भिंत पुराव्यात आली की हा ताईला साक्षीला खेचणार, नातं बाहेर काढणार, तहकूबबाईंनी घरचीच साक्षीदार चोरवाटेने घुसवली म्हणून बोंब ठोकणार. आयुष्यभर जपलेला रीतसरपणा एका दुपारी मातीला मिळणार. कदाचित त्याच्या मनात यातलं काही नसेलही. ऊन फार होतं, त्याला लवकर सुटायचं असेल. बाईंनी तेवढा विचार केला नाही.

"आमची हरकत आहे," त्या म्हणाल्या.

अधिकाऱ्याला ते जरा नवलच वाटलं. "तुमचीच बाजू आहे ती, बाई."

"कागदावर नाही ते मी दाखवू देणार नाही, साहेब."

"अगं पण—" ताई म्हणाली.

"गप्प बस, ताई. आत जा."

कोर्टात गुन्हेगारांशीसुद्धा त्या अशा बोलल्या नव्हत्या. ताई एखाद्या शाळकरी पोरीसारखी उभी राहिली. इतक्या परक्या पुरुषांपुढे तिला कुणी, आणि तेही या धाकटीने, असं तोडलं नव्हतं. मग ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. आवाज न करता.

निकाल कंपनीच्या बाजूने लागला. प्रोफेसरांच्या सरासऱ्यांबद्दल अधिकाऱ्याने आदर व्यक्त केला होता आणि पुढे लिहिलं होतं की प्रत्यक्ष पाहणीच्या वेळी जागा पूर्ण कोरडी असून तिचा वापर वाहन शिकवण्यासाठी होत होता. बाईंनी वर अपील केलं. वरच्या कोर्टाला चौकशीत खोट सापडली नाही. कुठून सापडणार? ती रीतसर व्हावी म्हणून खुद्द बाईंनी पहारा दिला होता.

भराव पडला, गोदामं उभी राहिली. बाई दुसऱ्या कामांना लागल्या. ताईकडे जाणं-येणं होतं, पण दोघींच्या मध्ये ते दार लागलेलंच राहिलं. ताई आता भाजीबद्दल विचारलं तर भाजीचं नाव सांगायची आणि थांबायची. बाईंना ते पाळलेलं मौन इतकं बोचायचं की एकदा त्यांनी मुद्दाम भाजीवाल्याच्या सुनेची चौकशी केली. "बरी आहे," ताई म्हणाली.

पुढच्याच पावसात पाणी आलं.

बाई गेल्या तेव्हा ते ओसरलं होतं. घरात चिखलाचा आणि भिजलेल्या कापसाचा वास होता. गादी दारात उभी करून ठेवलेली. कपाट फुगून त्याची दारं मिटत नव्हती. जुनी रेघ शोधायची गरज नव्हती, तिच्या पार वर नवी ओल चढली होती. ताई खाली बसून फरशी पुसत होती. पुसायची आणि फडकं बादलीत पिळायची.

"माझ्याकडे चल," बाई म्हणाल्या. "आजच."

"बघू."

"नुकसानभरपाईचा दावा लावू आपण. कंपनीवर, खात्यावर. मी उद्याच—"

"वकील बघितलाय मी," ताई म्हणाली. "तू नात्यातली ना. तुमच्यात चालत नाही ते."

टोमणा नव्हता. ताईला टोमणे कधी जमलेच नाहीत. तिनं नियम ऐकला होता आणि लक्षात ठेवला होता.

"कोण?"

"आहे एक नवा पोरगा, बसच्या थांब्यासमोर बसतो. चांगला आहे. अगदी पहिल्यापासून सांगितलं मी, मेव्हण्यापासून. सगळं ऐकून घेतलं त्यानं." ताईनं फडकं पिळलं. "म्हणाला, एक अडचण आहे. असं होईल हे खात्याला आधी कुणीतरी सांगितलं होतं, हे दाखवता आलं तर दावा उभा राहतो. नाहीतर नाही. मग मला विचारलं, साहेब दारापर्यंत आले होते, तर तुम्ही काही बोलला नाहीत?"

बाई उभ्या होत्या. बसायला कोरडी जागा नव्हती.

"तू काय सांगितलंस?"

"नाही म्हटलं. सुचलं नाही म्हटलं. एवढी माणसं बघून गडबडले."

"ताई!"

"मग काय सांगू? माझ्या बहिणीनं मला आत पाठवलं, म्हणून सांगू? ते लिहून घेणार, चार लोकांत वाचणार. तुला अजून काम करायचंय." तिनं बादली पुढे सरकवली. "माझं काय, पाणी ओसरतं."

बाईंना सगळं तिथल्या तिथे दिसलं. ताई बोलली होती. पाणी, भिंत, भरलेला कोपरा, सगळं. अधिकाऱ्याने ऐकलं होतं, बघायची तयारी दाखवली होती, गोडबोल्या साक्षीला होता. ताईनं खरं सांगितलं तर तो नवा पोरगाही दावा जिंकेल. फक्त शपथेवर उभं राहून बाईंना सांगावं लागेल की तिचं तोंड मी बंद केलं. सगळं आवार ऐकेल, आणि मागून घ्यायला एक नवं नाव मिळेल.

आपणच त्या पोराला जाऊन सांगावं. आत्ता, थांब्यासमोर, चालत जाण्याएवढं अंतर. बाईंनी तोंड उघडलंसुद्धा.

मग त्यांनी कोपऱ्यातलं दुसरं फडकं उचललं आणि ताईशेजारी वाकल्या.

"राहू दे गं," ताई म्हणाली. "कपडे खराब होतील तुझे."

बाई पुसत राहिल्या. त्यांना हायसं वाटलं होतं. तसं वाटल्याची त्यांना शिसारी आली, पण म्हणून हायसं वाटायचं काही थांबलं नाही.